दुव्याने काही ठेवून घेऊ नये

हुपरीकरांच्या घरात बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलत नसत, असं म्हणणं काही खरं नाही. भरपूर बोलत. फक्त ते सगळं वृंदाच्या तोंडून.

सूस रोडवरच्या एका इमारतीत समोरासमोर दोन फ्लॅट. एकात अण्णा, म्हणजे डॉ. मोरेश्वर हुपरीकर, एकटे राहत. दुसऱ्यात त्यांचा मुलगा निषाद, सून वृंदा आणि नात मैथिली. मधे लिफ्टसमोरची मोकळी जागा. वृंदा संध्याकाळी अण्णांचा डबा घेऊन ती ओलांडायची आणि रिकामा डबा घेऊन परत यायची. डबा रिकामा असला तरी ती स्वतः रिकाम्या हाती कधी आली नाही.

“त्याला सांग, संचालकांच्या बैठकीत जरा तोंड आवर. अक्कल पाजळायची जागा नव्हे ती,” अण्णा म्हणायचे.

आणि समोरच्या दारातून आत शिरेपर्यंत वृंदाच्या मनात वाक्य तयार झालेलं असायचं. “अण्णा म्हणत होते, मुद्दा तुझा बरोबर होता. थोडक्यात मांडला असतास तर जास्त ठसला असता.”

“त्यांना सांग, त्यांच्या वेळी बैठका नव्हत्याच. दरबार भरायचे.”

हे दुसऱ्या दिवशी अण्णांपर्यंत असं पोचायचं: “निषाद म्हणाला, अण्णांचा अनुभव दांडगा, त्यांना बरोबर कळतं.” अण्णा ‘हं’ करायचे आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणायचे. ते मात्र वृंदा जसंच्या तसं पोचवायची, कारण भाजी निषादने केलेली असायची आणि त्याला ते पटायचंही.

आधी हे काम निषादच्या आईचं होतं. कुमुदिनीबाई गेल्या तेव्हा मिसळणाच्या डब्याबरोबर तेही वृंदाकडे आलं. कुणी दिलं नाही, तिने मागितलं नाही. घरात तशी रीत होती एवढंच.

भांडण म्हणाल तर एका वाक्याचं. निषाद आधी बापाचाच विद्यार्थी. अण्णा आयनवाले, एकेका विद्युतभारित अणूला निर्वात पेटीत विजेच्या क्षेत्रावर अधांतरी टांगून लेझरने त्याच्याकडून गणित करून घेण्यात त्यांची हयात गेली. निषादने डॉक्टरेट संपताच तो मार्ग सोडला आणि अतिवाहक, म्हणजे विजेला अडथळाच न करणाऱ्या, चिपांकडे वळला. तेही चाललं असतं. पण एका परिषदेत भर सभागृहात तो म्हणाला, “आयनवाल्यांनी आता तिकीट लावून संग्रहालय उघडावं.” हशा पिकला. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. तेव्हापासून त्यांनी मुलाशी सरळ शब्द काढला नाही, आणि निषादही हट्टाने बापाचाच मुलगा निघाला.

गंमत अशी की दोघांच्याही यंत्रांत खोट होती आणि एकाची खोट म्हणजेच दुसऱ्याची ताकद होती. निषादच्या चिपा जवळजवळ निरपेक्ष शून्याइतक्या थंड शीतपेटीत काम करत. कामाला विलक्षण चपळ, पण विसराळू. त्यांच्यातला क्यूबिट, म्हणजे एकाच वेळी शून्य आणि एक अशा दोन्ही अवस्था पेलणारा माहितीचा कण, डोळ्याचं पातं लवायच्या आत आपली अवस्था हरवून बसे. अण्णांचे आयन त्यांच्या हजारपट संथ. पण एकदा मनात धरलं की तासन्‌तास विसरायचे नाहीत. मोठ्या गणिताला दोन्ही लागतं. भराभर आकडेमोड करणारा हात लागतो आणि हातचे धरून ठेवणारी आठवणही.

मग दोन्ही जोडा की! पण तिथेच तर सगळ्या जगाचं घोडं अडलं होतं. चिपा बोलणार सूक्ष्मलहरींत, आयन बोलणार प्रकाशात. दोन्ही एकाच जातीच्या लहरी, पण ऊर्जेत लाखपटीचा फरक. मधे कुणीतरी दुभाष्या हवा. आणि तो दुभाष्याही साधा चालत नाही, कारण क्यूबिटमधला मजकूर वाटेत वाचता येत नाही. वाचला की मोडतो. मधल्या दुव्याने त्यात स्वतःची भर घातली, किंवा जाता जाता काय गेलं याचा एवढासा माग स्वतःजवळ ठेवला, तरी दोन टोकांमधली गुंफण तुटते. गुंफण म्हणजे दोन क्यूबिट अंतरावर असूनही एकाच अवस्थेचे भागीदार असणं. ती तुटली की उरतात शेजारी ठेवलेली दोन महागडी यंत्रं.

असा काहीही जवळ न ठेवणारा दुवा वृंदाने बनवला; तीही बाप-लेकांच्याच संशोधन संस्थेत होती. नखाएवढी स्फटिकाची कडी, एका बाजूने सूक्ष्मलहर आत जाई, दुसऱ्या बाजूने प्रकाशाचा कण बाहेर पडे, आणि कडी पुन्हा कोरीच्या कोरी. त्या कडीपायी तिची उमेदीची वर्षं गेली होती.

यंत्र जोडायची वेळ आली तेव्हा अण्णा म्हणाले, “माझे आयन हवेत ना त्याला? मग त्याला सांग, इथे येऊन स्वतः विचार.” निषाद म्हणाला, “त्यांना सांग, मी काही मागायला गेलेलो नाही. संस्थेचा निर्णय आहे.” वृंदाने दोन्ही वाक्यं पोटात घातली. अण्णांना म्हणाली, निषादने विनंती केलीय, समोर यायला संकोचतोय. निषादला म्हणाली, अण्णांनी आनंदाने होकार दिलाय. दोघेही मनातून सुखावले. तिला वाटलं, यात कुणाचं काय बिघडलं?

संस्थेच्या आवारात आयनांच्या आणि चिपांच्या इमारतींमधे जमिनीखालून प्रकाश वाहून नेणारा काचतंतू टाकला गेला. पहिल्यांदा गुंफण साधली तेव्हा एका नियंत्रण कक्षात अण्णांनी टाळी वाजवली आणि दुसऱ्यात निषादने. दोन्ही टाळ्या वृंदाने कानातल्या यंत्रावर एकदमच ऐकल्या आणि तिला रडू आलं. पुढच्या वर्षी तिला मोठं पदक मिळालं. मानपत्रात लिहिलं होतं, ‘ज्या दुव्याने स्वतःची भर घातली नाही आणि स्वतःजवळ काही ठेवलं नाही, अशा दुव्याच्या निर्मितीसाठी.’ अण्णा आणि निषाद सभागृहाच्या दोन टोकांना बसले होते.

जोडयंत्राची कीर्ती पसरली. औषधांचे रेणू, पोलादावरचे लेप, काय वाटेल ते प्रश्न लोक घेऊन यायला लागले. पण सगळ्यांचे डोळे लागले होते एका उत्प्रेरकाकडे. हवेतल्या नत्राचं खत करायला कारखान्यांना प्रचंड दाब आणि भट्टीची उष्णता लागते. तेच काम कडधान्याच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणू गारव्यात, निमूट करतात. ते कसं करतात याचं गणित जगातल्या कुठल्याच यंत्राला पेलत नव्हतं. या यंत्राला पेलेल असं वाटत होतं. पण त्यासाठी ते न थांबता दोन आठवडे चालवायला हवं होतं.

अशा लांब फेरीला संस्थेत ‘मौन’ म्हणत. मौन बसलं की यंत्राला कंप लागू नये म्हणून आवारात ट्रक येत नसे, चिपांच्या इमारतीची लिफ्ट बंद, गच्चीवरचे पंखे बंद. चमूतले लोक मोबाइल दाराबाहेरच्या पेटीत ठेवून आत जात आणि तिथेच राहत. आत कुणी कुणाला घरगुती गोष्ट सांगायची नाही, अशी त्यांची शपथच होती. मागे एका पोराने मुलगी झाल्याच्या आनंदात चुकीची कळ दाबून सगळी फेरी घालवली होती. आत-बाहेर करायची मुभा एकट्या वृंदाला, कारण दुवा दोन्ही इमारतींच्या मधे होता. अण्णा आता निवृत्त होते आणि आयन त्यांच्या शिष्यांकडे होते. निषाद मौनात बसला आणि वृंदा आवारातून घरी, घरातून आवारात अशी फिरत राहिली.

दुसरा आठवडा लागला तेव्हा एका संध्याकाळी अण्णांनी डबा उघडलाच नाही.

“बस जरा,” ते म्हणाले. “डोकं दुखत होतं म्हणून दाखवून आलो. आत रक्तवाहिनीला फुगा आलाय म्हणे. शुक्रवारी ऑपरेशन ठरलंय.”

वृंदा खुर्ची ओढून समोर बसली. “आणि तुम्ही हे आत्ता सांगताय? एकटे गेलात?”

“त्यात काय. रिक्षा मिळाली.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला. “डॉक्टर म्हणतो, निभावेल बहुतेक. पण मेंदू आहे, सांगता येत नाही. त्याला सांग, त्याआधी एकदा येऊन जा. मला बोलायचंय त्याच्याशी.”

“काय बोलायचंय? मी...”

“तुला नाही सांगणार,” अण्णा मधेच म्हणाले. पण आवाजात राग नव्हता. “वृंदा, तू फार गोड करून सांगतेस. मला काय कळत नाही? माझा मुलगा माझ्या अनुभवाला दांडगा म्हणेल? कुमुदही असंच करायची. घर चाललं त्यावर, मी नाही म्हणत नाही. पण या वेळी साखर घालू नकोस. आहे तसं सांग.”

वृंदाने मान डोलावली. अगदी मनापासून डोलावली.

आवारात पोचेपर्यंत मात्र ती विचार करायला लागली, आणि तिथेच घात झाला. फेरी बुधवारी संपणार होती. ऑपरेशन शुक्रवारी. मधे अख्खा गुरुवार होता. आत्ता सांगितलं तर निषाद उठून येणार. न येता बसला तर त्याचं चित्त थाऱ्यावर राहणार नाही. फेरी गेली तर वर्षभर पुन्हा यंत्र मिळायचं नाही, आणि अण्णांनाच सर्वांत जास्त चुटपुट लागेल, कारण फेरी मोडणाऱ्याला त्यांनी जन्मात क्षमा केली नव्हती. तिने सगळ्या बाजूंनी तोलून पाहिलं. तिला स्वतःचा विचार फार समंजस वाटला.

काचेपलीकडे निषाद पडद्यावरच्या रेघा बघत होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, पण चेहरा खुलला होता.

“अण्णा विचारत होते तुला,” ती म्हणाली. “जरा तपासणी करायला सांगितलीय डॉक्टरांनी. तुझं आटपलं की सवडीने ये म्हणाले.”

“काही विशेष?”

“नाही रे. वयाचं.”

“येतो आटपलं की. त्यांना सांग, उत्तर येतंय बहुतेक. आणि...” तो पुन्हा पडद्याकडे वळला. “आयन झकास चाललेत म्हणावं.”

ही शेवटची ओळ तिने मिठाचा खडाही न घालता, जशीच्या तशी अण्णांना नेऊन दिली. अण्णांनी ती तिला पुन्हा म्हणायला लावली. मग म्हणाले, “आणि यायचं?”

“येतो म्हणालाय,” वृंदा म्हणाली. खोटं तरी कसं म्हणायचं याला?

त्या दिवसापासून अण्णांनी बाहेरचं लाकडी दार लावणं सोडून दिलं. नुसतं जाळीचं लोटलेलं असे. इस्त्रीचा सदरा घालून ते जाळीतून लिफ्ट दिसेल अशी खुर्ची ओढून बसत. मैथिली शाळेतून आली की विचारी, “आजोबा, कुठे निघालात?” तर म्हणत, “कुठे नाही. कुणीतरी येणार आहे.”

मंगळवारी लिफ्टचं दार वाजलं म्हणून ते उठले. कुरियरवाला होता. ते वळले आणि तिथेच खाली बसले. फुगा शुक्रवारपर्यंत थांबला नाही.

मौन तोडून निषादला बाहेर काढलं गेलं. त्याच्या हाताखालच्यांनी फेरी सांभाळली आणि बुधवारी उत्तर आलं, नेमकं हवं तसं. जगभर बातमी झाली. खतांचे भाव पडले, दोन-तीन वर्षांत किनाऱ्यावरचे धूर ओकणारे कारखानेही बंद पडायला लागले. हे झालं पुढचं. त्या गुरुवारी पेढे घेऊन इस्पितळात आलेल्या संचालकांना कुणाला द्यावेत कळेना; त्यांनी ते परिचारिकांच्या टेबलावर ठेवले आणि पाय न वाजवता गेले.

अण्णा वाचले. पण शब्द गेले. डॉक्टरांनी समजावलं की विचार आत असतील, ऐकूही येतंय, ओळखतात सगळ्यांना. विचाराला शब्दाचं रूप देणारा भागच तेवढा रक्ताने बुडालाय. म्हणजे आतला मजकूर शाबूत आणि बाहेर यायला वाट नाही. वृंदाला त्यापुढचं काही ऐकवेना.

निषाद पलंगाशी गेला. कितीतरी वर्षांनी तो बापाच्या इतका जवळ उभा होता की त्याला त्यांच्या कानामागचा तीळ दिसत होता. अण्णांनी त्याला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. उजवा हात उठेना, डावा उचलला. ओठ उघडले. घशातून एक लांब, ओबडधोबड आवाज आला. पुन्हा एकदा आला. डोळ्यांतून पाणी ओघळून कानापर्यंत गेलं.

निषादने मान वळवली, वृंदाकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, “काय म्हणतायत अण्णा?”

अण्णांनीही वृंदाकडेच पाहिलं.

दोघांच्या मधे ती उभी होती. इतकी वर्षं तिच्याकडे प्रत्येक वेळी वाक्य तयार असे. आताही दहा आली मनात. ‘तुझा अभिमान वाटतो म्हणतायत.’ ‘झालं गेलं विसर म्हणतायत.’ कुठलंही चाललं असतं. निषादने डोळे मिटून घेतलं असतं, आणि अण्णांना नाही म्हणता आलं नसतं. नाही म्हणता आलं नसतं, हे लक्षात आलं आणि तिने दहाही वाक्यं सोडून दिली.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मला त्यांनी सांगितलं नव्हतं. तुलाच सांगायचं होतं.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिने सगळं सांगितलं. शुक्रवार, फुगा, ‘एकदा येऊन जा’, ‘साखर घालू नकोस’. एक शब्दही गाळला नाही. मग ओघात मागचंही निघालं. दरबार, दांडगा अनुभव, आनंदाने दिलेला होकार. निषाद भिंतीला टेकून ऐकत होता. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“म्हणजे इतकी वर्षं,” तो शेवटी म्हणाला, “अण्णा माझ्याशी बोलतच नव्हते. तू बोलत होतीस.”

“मला वाटलं, तुमचं जुळेल असं केल्याने.”

“जुळलंच होतं की. भांडत तरी होतो आम्ही. तेही तू त्यांच्यापर्यंत जाऊ दिलं नाहीस. ते शिव्या घालत होते तेव्हा मला त्या मिळाल्या असत्या ना, तर मी चिडून तरी गेलो असतो गं समोर. चार पावलांवर तर राहत होते.”

स्फटिकाच्या कडीकडून तिने जे कटाक्षाने करून घेतलं, ते तिला स्वतःला जमलं नाही. कडीला कुठला शब्द बोचणारा आणि कुठला लाघवी हे कळत नव्हतं, म्हणून ती प्रामाणिक राहिली. वृंदाला कळत होतं. तिने बोचणारं सगळं गाळून टाकलं, आणि त्यात जे बोचायलाच हवं होतं तेही गाळलं.

अण्णांना घरी आणलं. निषाद समोरच्या फ्लॅटमधे राहायला गेला, नुसतं त्यांच्या देखभालीसाठी असं तो लोकांना सांगे. संध्याकाळी तो बापाचा डावा हात हातात घेऊन बसे आणि यंत्राचं सगळं सविस्तर सांगे. आयन कसे चाललेत, नवे पोरगे कुठे चुकतात. अण्णा तोच लांब आवाज काढत. निषाद म्हणे, “नाही कळलं अण्णा. पुन्हा म्हणा.” ते पुन्हा म्हणत. हे असं रोज. समजत काहीच नव्हतं, पण आता मधे कुणी नव्हतं. वृंदा जाळीच्या दाराशी डबा ठेवी आणि परत फिरे. निषाद तिच्याशी भांडला नाही, बोललाही नाही.

मैथिलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं त्या दिवशी वृंदा डबा घेऊन गेली, तर आतून बोलणं ऐकू आलं. मैथिली विचारत होती, “बाबा, तू येणार ना आमच्याबरोबर?”

“आईला सांग, मी तिच्याबरोबर येणार नाही,” निषादचा आवाज आला. “मी माझा नंतर येईन आणि मागे बसेन.”

वृंदा होती तिथेच थांबली. जाळी लोटून मैथिली बाहेर आली. आई समोरच उभी असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं, पण पोर गडबडली नाही. तिने क्षणभर लिफ्टकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, “आई, बाबा म्हणाला, तू पुढे हो. तो आजोबांना औषध देऊन लगेच येतोय. आणि ही साडी तुला छान दिसते म्हणाला.”

नऊ वर्षांची पोर. लिफ्टसमोरची एवढीशी जागा ओलांडायच्या आत तिचं वाक्य तयार झालं होतं.

वृंदा डबा ठेवून खाली बसली. मैथिलीचे दोन्ही दंड धरले. “असं नाही म्हणाला तो. मी ऐकलंय.”

मैथिलीचा चेहरा पडला. “तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटू दे. तो काय म्हणाला ते सांग.”

“म्हणाला... आईला सांग, मी तिच्याबरोबर येणार नाही.”

“हं,” वृंदा म्हणाली. ते तिला लागलं, आणि जसंच्या तसं लागलं. “आता पुढचं तू कुणाला काही सांगायचं नाहीस. बाबाचं मला नाही, माझं बाबाला नाही. जा, बूट घाल.”

मुलगी समोरच्या दारात शिरली. वृंदाने डबा तिथेच राहू दिला. आत निषाद म्हणत होता, “पुन्हा म्हणा अण्णा,” आणि अण्णा पुन्हा म्हणत होते. तिने जाळीचं दार लोटलं आणि आत गेली. काय बोलायचं, ते तिने ठरवलं नव्हतं.